वजन घटविणारे आहार व आनुवंशिकता
शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी ऊर्जा देणारा आहार घेतल्यास शरीरातील साठविलेली वसा खर्च होऊन वजन घटते. हे तत्त्व सर्व माणसांना लागू असले, तरी सारखाच आहार तितकाच काळ घेणाऱ्या व्यक्तींच्या वजनात सारखी घट होत नाही. आहाराचे नियम पाळण्यातील कमीअधिकपणा, शारीरिक श्रम, वय व औषधे ही या तफावतीची काही कारणे असून जीनांमधील (आनुवंशिक घटकांमधील) व्यक्तिगत भेद हे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे.

जुळ्यांवरील प्रयोग : एकाच फलित अंड्यापासून जन्मलेल्या (एकयुग्मज) जुळ्यांचे जीन जवळजवळ समान असल्यामुळे आनुवंशिकतेचा प्रभाव अजमाविण्यास ती उपयोगी पडतात. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात क्लोद बूशार व त्यांचे सहकारी यांनी अशा तरुण पुरुषांच्या १२ जोड्यांना एकूण ८४ दिवस दररोज १,००० किलोकॅलरी जादा आहार दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी वजनवाढ ८·१ किग्रॅ. होती, मात्र व्यक्तिशः ती ४·३ ते १३·३ किग्रॅ. इतकी भिन्न होती. एकाच जोडीतील भावांचे वजन बरेचसे सारखे वाढले. निरनिराळ्या जोड्यांमधील तफावत त्यामानाने सु. तिप्पट आढळली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ७ जोड्यांचा आहार कायम ठेवून त्यांच्याकडून ९३ दिवसांच्या काळात व्यायाम करवून घेण्यात आला. सरासरी ५ किग्रॅ. वजन घटले व याही वेळी जुळ्या भावांमध्ये साम्य दिसून आले.

जीनांचे कार्य : वजनाशी निगडित असलेले अनेक जीन मेंदूत, विशेषतः भूक व तृप्ती यांचे नियंत्रण करणाऱ्या अधोथॅलॅमस या भागात, कार्य करतात. लेप्टिन हे वसा ऊतकात तयार होणारे हॉर्मोन वसेच्या साठ्याची सूचना मेंदूला देते. जीनातील दोषामुळे लेप्टिन तयार न होणारी मुले क्वचितच आढळतात; त्यांची भूक शमत नाही व त्यांना तीव्र स्थूलता येते. लेप्टिनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिल्यावर त्यांची भूक व वजन दोन्ही कमी होतात. सर्वसामान्य स्थूलता मात्र एका जीनामुळे उद्‌भवत नाही. तीत पुष्कळ जीनांचे लहानलहान परिणाम एकत्र येतात. त्यांपैकी ‘एफटीओ’ या जीनाचा वजनाशी असलेला संबंध २००७ मध्ये दाखविण्यात आला. त्याच्या विशिष्ट प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या यूरोपीय प्रौढांचे वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरीने सु. ३ किग्रॅ. अधिक आढळले. पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी २००९ मध्ये भारतीयांत या जीनाच्या प्रकारांचा मधुमेहाशीही संबंध दाखविला. वजनवाढीवरून त्याचा पूर्ण उलगडा होत नाही. म्हणून एका मानवसमूहातील निष्कर्ष दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आहाराची निवड : जीनांची तपासणी करून प्रत्येकास अनुरूप आहार ठरविता येईल, अशी अपेक्षा काही लहान अभ्यासांवरून निर्माण झाली व अशा चाचण्यांची विक्रीही होऊ लागली. मोठ्या अभ्यासांनी या अपेक्षेस दुजोरा दिला नाही. ८ चाचणी-प्रयोगांतील ९,५६३ व्यक्तींच्या माहितीचे २०१६ मध्ये विश्लेषण करण्यात आले. त्यात ‘एफटीओ’चा वजनवाढीस अनुकूल प्रकार असणाऱ्यांचे वजनही इतरांइतकेच घटल्याचे आढळले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ प्रौढांपैकी काहींना अल्प वसायुक्त, तर काहींना अल्प कार्बोहायड्रेटयुक्त आहार देण्यात आला. वर्षअखेर सरासरी घट अनुक्रमे ५·३ व ६·० किग्रॅ. होती. प्रत्येक गटात काहींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे उलट वाढले. परंतु तपासलेल्या जीनप्रकारांवरून कोणास कोणता आहार मानवेल, हे सांगता आले नाही.

वजन न घटणे म्हणजे केवळ मनोनिग्रहाचा अभाव, हा समज यावरून चुकीचा ठरतो. त्याचप्रमाणे वजनवाढीस अनुकूल जीन लाभलेल्या व्यक्तीस आहारनियंत्रण निष्फळ असते, असेही म्हणता येत नाही. दीर्घकाळ पाळता येईल असा, पुरेशी प्रथिने व जीवनसत्त्वे असलेला अल्प ऊर्जेचा आहार, हाच निवडीचा अधिक विश्वसनीय निकष होय.