गॅलेक्सी टॅब एस९ अल्ट्रा : घेण्यापूर्वी

बाजारात : २०२३

पडदा : १४.६ इंची अमोलेड, १२० हर्ट्झ. दोन ॲप शेजारीशेजारी उघडली तरी वाचताना डोळे ताणावे लागत नाहीत.

वजन : ७३२ ग्रॅम (वायफाय). टेबलावर उत्तम, आडवं पडून वाचताना मात्र हात भरून येतो.

गेमिंग : स्नॅपड्रॅगन ८ जेन २. गेमच ६० फ्रेमचा असेल, तर १२० हर्ट्झचा फायदा खेळताना दिसत नाही. अर्धा तास सलग खेळा. पाठ किती तापते, चित्र अडखळतं का, ते पाहा.

बॅटरी : ११,२०० एमएएच, ४५ वॉट चार्जिंग.

जमेची बाजू : एस पेन खोक्यातच, मेमरी कार्डाची सोय, पाणी-धुळीसाठी आयपी६८.

उणीव : हेडफोन जॅक नाही.