काशीयात्रा : गाडी मिळणे सोपे, शेवटचा किलोमीटर कठीण

वाराणसी : वृद्ध आई-वडिलांना काशीविश्वेश्वराचे दर्शन घडवावे, ही अनेक मराठी कुटुंबांची इच्छा असते. मुंबई-पुण्याहून वाराणसीला पोहोचणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. मात्र स्थानकावर उतरल्यापासून घाटापर्यंतचा टप्पा ज्येष्ठांची कसोटी पाहतो. जुन्या शहरात वाहन एका मर्यादेपर्यंतच जाते. पुढे गल्ल्या, गर्दी आणि पायऱ्या असतात. म्हणूनच येथील प्रवासाची आखणी मुक्कामाच्या ठिकाणापासून उलट दिशेने करणे हिताचे ठरते.

पहिला प्रश्न स्थानकाचा. ‘कँट’ या नावाने ओळखले जाणारे वाराणसी जंक्शन हे शहराचे मुख्य स्थानक आहे. पूर्वीच्या मंडुवाडीह स्थानकाला २०२१ मध्ये ‘बनारस’ हे नाव मिळाले. याशिवाय वाराणसी सिटी आणि काशी ही स्वतंत्र स्थानके आहेत. पूर्वीचे मुगलसराय, म्हणजे आजचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, गंगेच्या पलीकडे सुमारे १६ किलोमीटरवर आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या वाराणसीत न येता तेथूनच पुढे जातात. त्यामुळे तिकिटावर स्थानकाचे पूर्ण नाव पाहणे आवश्यक आहे.

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस वाराणसी जंक्शनपर्यंत येते, तर बलियाला जाणारी कामायनी एक्स्प्रेसही वाराणसीमार्गे जाते. महानगरी मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते. शनिवारी रात्री घरातून निघणाऱ्या प्रवाशाचे तिकीट रविवारच्या तारखेचे असावे लागते. ही बाब लक्षात न घेतल्यास गाडी एक दिवस आधीच निघून गेलेली असते. विमानाने येणाऱ्यांसाठी बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

वाराणसी जंक्शनपासून गोदौलिया चौक सुमारे चार किलोमीटर असून रिक्षा आणि ई-रिक्षा सहज मिळतात. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि रिक्षा पूर्ण की सामायिक, हेही स्पष्ट करून घ्यावे. गोदौलिया परिसरात वाहनांवर निर्बंध असल्याने तेथून दशाश्वमेध घाट आणि मंदिराकडे बहुतांशी पायीच जावे लागते. जड पेट्या घेऊन गर्दीतून चालणे वृद्धांसाठी त्रासदायक ठरते. या मार्गावरील ताण कमी करण्यासाठी कँट ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजी झाली.

मुक्काम निवडताना केवळ ‘घाटाजवळ’ एवढ्या वर्णनावर विसंबू नये. वाहन नेमके कुठपर्यंत येते, तेथून किती चालावे लागते आणि किती पायऱ्या आहेत, हे तीन प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावेत. दक्षिणेकडील अस्सी घाटाच्या परिसरात वाहन तुलनेने जवळ पोहोचते. मात्र तेथून दशाश्वमेध घाट अडीच ते तीन किलोमीटर दूर आहे. उत्तरेकडील दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथे जाण्यासाठी मैदागिनचा मार्ग सोयीचा असला, तरी अखेरचे अंतर अरुंद गल्ल्यांतूनच कापावे लागते.

अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेल्या विश्वनाथ मंदिराभोवतीचे दाट गल्ल्यांचे जाळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या कॉरिडॉरमुळे ललिता घाटाकडून थेट मंदिर परिसरात येता येते. तथापि, नदीच्या बाजूने आल्यास चढण असते. गुडघेदुखी असलेल्यांनी रस्त्याकडील प्रवेशद्वार निवडणे श्रेयस्कर. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे कुटुंबातील सदस्यांची चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.

घाटांचे दर्शन नावेतून घेतल्यास चालण्याचे श्रम वाचतात. घाट पश्चिम तीरावर असल्याने सूर्योदय समोरच्या वाळवंटावर दिसतो. त्यामुळे पहाटेची फेरी विशेष रमणीय असते. पावसाळ्यात मात्र परिस्थिती पालटते. पूर आल्यावर घाटांना जोडणारी वाट पाण्याखाली जाते आणि नौकाविहार थांबवला जातो. येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. परतीच्या जोडगाडीत पुरेसे अंतर ठेवणे गरजेचे असते. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला घाटांवर प्रचंड गर्दी होते.

ज्येष्ठांसोबत येणाऱ्यांनी पहिला दिवस विश्रांतीसाठी आणि दर्शनासाठी दुसऱ्या दिवसाची पहाट राखून ठेवावी. सुमारे दहा किलोमीटरवरील सारनाथला वाहन थेट जाते. त्यामुळे ती भेट शेवटच्या दिवशी ठेवता येते. काशीतील अंतरे नकाशावर लहान दिसतात. ती किलोमीटरमध्ये नव्हे, तर सोबतच्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पावलांनी मोजली, तर यात्रा सुखाची होते.