काविळीच्या गोळीचा भाव कसा उतरला

अंजनगाव सुर्जी असो की अकोट, कावीळ झाली की दवाखान्याआधी माळ घालणाऱ्याचा पत्ता सांगणारे भेटतातच. दूषित पाण्यातून होणारी ए व ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. बी आणि सी विषाणूंचे तसे नाही. ते रक्तातून शिरतात व काहीही न जाणवता वर्षानुवर्षे यकृत पोखरतात.

सी विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. पूर्वी त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. ताप आणि अशक्तपणा असा येई, की हातावर पोट असलेल्या कारागिराचा धंदाच बसावा. इतके करून अनेकांना गुण येत नसे.

२०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी मंजूर झाली. गवंडी विटेवर वीट चढवतो, तसा हा विषाणू पेशीत आपली नक्कल रचत जातो. गोळी त्याच्या हाती नकली वीट देते. तिच्यावर पुढची वीट बसत नाही, काम तिथेच थांबते. जोडीला दुसरी गोळी दिली, की १२ आठवड्यांत बहुतेक रोगी बरे होतात.

पण भाव? अमेरिकेत एका गोळीला १,००० डॉलर, म्हणजे त्या वेळचे साठ हजारांवर रुपये! सप्टेंबर २०१४ मध्ये गिलिअड या मूळ कंपनीने सात कंपन्यांना भारतात ती बनविण्याचा परवाना दिला; त्यांत मुंबईची सिप्लाही होती. विक्रीवर ठरावीक हिस्सा द्यायचा, ठरलेल्या देशांतच विकायचे, भाव मात्र ज्याचा त्याने ठरवायचा. माल एक आणि विकणारे अनेक झाले, की काय होते हे व्यापाऱ्याला सांगायला नको. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषध मोफत आहे. आपल्या भागातील लोकांनी अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

बी विषाणूचे बीज पेशीच्या गाभ्यात दडते. टेनोफोविरसारख्या गोळ्या त्याला दाबून ठेवतात, पण मुळासकट क्वचितच काढतात. संशोधन त्याच्यासाठी चालू आहे. तोवर लस हाच उपाय. बाळाला ती जन्मानंतर २४ तासांत टोचावी.

केशकर्तनालय चालविणारे, कान टोचणारे, गोंदणारे व खतना करणारे यांनी दर गिऱ्हाईकाला नवे पाते, नवी सुई वापरावी आणि तिची किंमत दरातच धरावी. सी एकदा बरा झाला तरी दूषित पात्यातून तो पुन्हा होऊ शकतो, आणि त्याच्यावर अजून लस नाही.