नाशिकमधून फ्रीलान्सिंग? कोडइतकाच हिशेबही चोख ठेवा!

नोकरी सोडून नाशिकमध्येच स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरचं काम सुरू करणाऱ्यांनो, पहिल्याच महिन्यात एवढं मार्गी लावा:

🔹 बँक: कामाच्या पैशांसाठी वेगळं खातं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

🔹 व्यवसाय कर: राज्यात पीटीईसी नोंदणी लागते, वर्षाला २,५०० रुपये.

🔹 जीएसटी: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी सक्तीची. नोंदणी असेल आणि ग्राहक परदेशी असेल, तर दर आर्थिक वर्षी एलयूटी (हमीपत्र) भरा. मग कर न लावता बिल करता येतं.

🔹 आयकर: ‘४४एडीए’ म्हणून ओळखली जाणारी योजना आपल्यासाठी वरदान! जमा रकमेच्या किमान ५० टक्के नफा दाखवा, सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. अग्रिम कर मात्र १५ मार्चपर्यंत भरा.

🔹 टीडीएस: सातपूरच्या एखाद्या कंपनीने बिलातून टीडीएस कापला, तर तो आपल्या पॅनवर जमा झालाय ना, हे आयकर पोर्टलवर तपासा.

आणि पहिलं विवरणपत्र चांगल्या सीएकडूनच भरून घ्या. ती फी सत्कारणी लागते!