ध्वनिक्षेपकाची मांडणी आणि कीर्तनाचा शब्द

नेवाशास ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, गीतेवरील आपली टीका सांगितली असें परंपरा मानते, त्या खांबाभोंवतीं बसणाऱ्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. माणसाचा कंठ जेथवर पोंचे, तेथवरच सभा बसे. आज त्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, पूर्वींच्या अहमदनगरांत, हरिनाम सप्ताहाचे मंडप दूरवर पसरतात. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या नांवें भरणाऱ्या सप्ताहास तर अफाट जनसमुदाय लोटतो. आवाज भरपूर असतो. पण कडेला बसलेल्या एखाद्या वृद्धास मृदंग ऐकूं येतो आणि निरूपण मात्र कळत नाहीं. त्याचे कान गेले, असें घरचे समजतात. पुष्कळदां दोष कानांचा नसून पेटींतील स्पीकरांच्या मांडणीचा असतो.

मंडपांत जी उंच, अरुंद पेटी दिसते तिच्यांत चारसहा स्पीकर एकाखालीं एक बसविलेले असतात. सर्वांतून एकच ध्वनि निघतो. ही पेटी उभी ठेवण्यासाठीं असते. परंतु सोयीसाठीं ती आडवी टाकली जाते आणि तेथेंच घोटाळा होतो.

ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदांत १००० कंपनें असलेल्या स्वराची एक लाट त्यामुळें ३४ सेंटिमीटर लांब होते. आतां दोन स्पीकर शेजारीं शेजारीं, ३४ सेंटिमीटर अंतरावर आहेत असें समजा. अगदीं समोर बसलेल्या श्रोत्याकडे दोहोंच्या लाटा बरोबरच येतात व एकमेकींस बळ देतात. पण ३० अंश बाजूस बसलेल्या श्रोत्यापाशीं एक लाट १७ सेंटिमीटर, म्हणजे नेमकी अर्धी लाट, मागें पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि स्वर जवळजवळ नाहींसा होतो. २००० कंपनांच्या स्वराला हीच गत साडेचौदा अंशांवरच येते. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखीं व्यंजनें ओळखण्यास असेच उंच स्वर लागतात. खर्जाचें तसें नाहीं. १०० कंपनांची लाट ३ मीटर ४० सेंटिमीटर लांब, तिला हें किरकोळ अंतर जाणवतच नाहीं. म्हणून मृदंग सर्वत्र घुमतो आणि शब्द गळतात.

पेटी उभी केली कीं ही खोड आडव्या दिशेंतून निघून उभ्या दिशेंत जाते. जमिनीवर बसलेल्यांचे कान बहुधा एकाच उंचीवर असल्यानें डावीउजवीकडे सर्वांना सारखा शब्द मिळतो, आणि छताकडे व्यर्थ जाणारा ध्वनिहि कमी होतो. पेटी डोक्यांहून थोडी उंच, किंचित् पुढें कललेली असावी. घरच्या पेटींतहि ट्वीटर वूफरच्या वर बसवितात, शेजारीं नव्हे, त्याचें कारण हेंच. ती कोपऱ्यांत सारली तर भिंतींमुळें खर्ज फुगतो व शब्द झांकतो.

दुसरी चूक अंतराची. व्यासपीठाजवळच्या पेटीचा ध्वनि ३४ मीटर दूरच्या श्रोत्याकडे सेकंदाच्या दहाव्या हिश्शानें पोंचतो. त्याच्या शेजारच्या कर्ण्यांतून तोच शब्द तत्पूर्वींच येऊन गेलेला असतो. शब्द दुणावतो. कंत्राटदार अशा वेळीं आवाज वाढवितो, हा उपाय उलटा आहे! दूरच्या कर्ण्याला तितकाच विलंब देणारें यंत्र आतां मिळतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागाला दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मांडणी नीट असेल तर कमी आवाजांतहि शब्द कळतो.

परीक्षा सोपी आहे. कीर्तनापूर्वीं एकानें ध्वनिग्राहकावर सावकाश वाचावें आणि दुसऱ्यानें मंडपाच्या दोन्ही कडांनीं शेवटच्या खांबापर्यंत चालत जावें. जेथें ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच ऐकूं येतील, तेथें खूण करून पेटी फिरवावी.