गुडघे वर काढून उभं रान
पाण्यातली मुळं : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण खाडीतल्या तिवरापाशी थांबलो होतो. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्याची श्वासमुळं पाहिली. तशीच करामत समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत, गोड्या पाण्यातली काही झाडंही करतात. ही झाडं म्हणजे आपल्या डब्यातल्या जायफळाचे रानटी भाऊबंद.

दोन टेकड्यांमधली सपाट घळ, तीतून संथ वाहणारा बारमाही ओहोळ आणि वर्षभर न सुकणारा चिखल, एवढं जमलं तरच हे रान उभं राहतं. त्याला 'मिरिस्टिका दलदल' म्हणतात. पाण्याने भरलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसते, आणि श्वास तर मुळांनाही लागतो. म्हणून जिम्नाक्रॅन्थेरा या झाडाची मुळं जमिनीतून वर येतात, वाकतात आणि परत चिखलात शिरतात. सगळीकडे दुमडलेले गुडघेच गुडघे! मिरिस्टिका मॅग्निफिकाची तऱ्हा निराळी. त्याच्या खोडातूनच केवड्यासारखी आधारमुळं फुटून खाली उतरतात.

या झाडांचं बी चांगलं मोठं, लाल पत्रीत गुंडाळलेलं. धनेश ते गिळून दूर नेतो. पण हे बी वाळवून साठवता येत नाही, वाळलं की मेलं. ओल्या चिखलात लवकर रुजलं तरच नवं झाड.

माणसालाही नेमकी तीच जागा हवी असते. बारमाही पाण्याची सपाट घळ म्हणजे पोफळीच्या बागेला आणि भातशेतीला उत्तम. केरळपासून उत्तर कन्नडपर्यंत अशा कित्येक दलदली शेती-बागांखाली गेल्या. कुऱ्हाड चालवायचीही गरज नसते. ओहोळ वरच्या अंगाला वळवला की झाडं उभी दिसतात, पण खाली रोप धरत नाही. माझ्या मते खरा घात हाच, कारण तो लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर कन्नडमधल्या कथलेकानच्या दलदलीत तर बिब्ब्याच्या कुळातलं एक झाड मिळालं. शास्त्राला त्याची ओळख २००० साली झाली, आणि आज ते अतिसंकटग्रस्त आहे. उशिरा भेटलेलं माणूस लगेच निघायला लागावं, तसं वाटतं.

उत्तरेकडे सरकावं तशा या दलदली विरळ होतात. गोव्यात सत्तरीतल्या बांबरला 'निरंकाराची राय' म्हणजे देवराई आहे, तीही अशीच दलदल. देवाची म्हणून लोकांनी ती तोडली नाही. आपल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे अशीच एक दलदल आहे, साऱ्या सह्याद्रीतल्या अगदी उत्तरेकडच्या दलदलींपैकी एक. राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं आहे. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. कागदावर हद्द एवढीच, पण तिला जगवणारं पाणी त्या हद्दीबाहेरच्या डोंगरातून येतं. तिथला उतार आणि झरेही तितक्याच काळजीने जपावे लागतील.

पुढच्या भागात हे बी वाहून नेणाऱ्या धनेशाच्या ढोलीपाशी जाऊ.