संमिश्र मंत्रिमंडळ, महाराष्ट्रातील

संमिश्र मंत्रिमंडळ, महाराष्ट्रातील : विधानसभेत कोणत्याही एका पक्षास स्पष्ट बहुमत नसताना दोन वा अधिक पक्षांनी सत्तेची वाटणी करून बनविलेले मंत्रिमंडळ. भारतीय संविधानात त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. अनुच्छेद १६४ अन्वये मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असते. पक्षापक्षांतील करारास मात्र कायद्याचे बळ नसते. जर्मनीतील घटकराज्यांत असे करार सविस्तर लिहून प्रसिद्ध करतात. तेही न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. पण ते जनतेसमोर असल्याने मोडणे अवघड जाते. महाराष्ट्रात ‘किमान समान कार्यक्रम’ त्रोटक असतो आणि खरी वाटाघाट खात्यांवरून होते.

राज्यातील पहिले संमिश्र मंत्रिमंडळ मार्च १९७८ मध्ये आले. निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस पक्षांनी वसंतदादा पाटील यांना मुख्यमंत्री व इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे यांना उपमुख्यमंत्री केले. इंदिरा काँग्रेसचे बळ मुख्यत्वे विदर्भात होते व तिरपुडेही तेथलेच. हे मंत्रिमंडळ साडेचार महिन्यांतच कोसळले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. ते फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने बरखास्त केले.

१९९५ मध्ये शिवसेना (७३) व भारतीय जनता पक्ष (६५) यांनी अपक्षांच्या साहाय्याने सत्ता मिळविली. १९९९ पासून काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांची आघाडी पंधरा वर्षे टिकली. २००४ मध्ये राष्ट्रवादीस ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले आणि मोबदल्यात राष्ट्रवादीस अधिक खाती मिळाली. वाटणीचे गणित केवळ संख्येवर चालत नाही, हे यावरून ध्यानात येते. संविधानाच्या ९१ व्या दुरुस्तीने (२००३) मंत्रिसंख्येवर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे २८८ सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३ हून अधिक मंत्री नेमता येत नाहीत आणि वाटाघाट आणखी चुरशीची होते.

या वाटणीचा परिणाम जिल्ह्यांवर कसा होतो, हे बुलढाण्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सात विधानसभा मतदारसंघांच्या या जिल्ह्यातून मेहकरचे प्रतापराव जाधव शिवसेना-भाजप युतीच्या काळात राज्यमंत्री होते. खामगावचे पांडुरंग फुंडकर २०१६ पासून मे २०१८ मधील मृत्यूपर्यंत कृषिमंत्री होते, तर सिंदखेडराजाचे राजेंद्र शिंगणे महाविकास आघाडीत अन्न व औषध प्रशासनमंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. ही आघाडी जून २०२२ मध्ये कोसळली. त्या वेळी बुलढाणा व मेहकर येथील शिवसेनेचे दोन्ही आमदार एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेले होते.

पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो; रस्ते, पाणी, शाळाखोल्या यांसाठीच्या निधीचा प्राधान्यक्रम या समितीत ठरतो. त्यामुळे हे पद कोणास मिळते, हा प्रश्न शोभेचा नाही. जानेवारी २०२५ मधील वाटपात बुलढाण्याचे पालकत्व साताऱ्यातील वाईचे मकरंद पाटील (राष्ट्रवादी काँग्रेस) यांच्याकडे, तर खामगावचे आकाश फुंडकर (भाजप) यांच्याकडे शेजारच्या अकोल्याचे पालकत्व गेले. जिल्ह्यात स्वतःचा कॅबिनेट मंत्री असूनही पालकमंत्री बाहेरचा आला, तो घटक पक्षांच्या हिशेबामुळे.